दिवाळीचा किराणा गावात घ्यायचा का आर्वीहून आणायचा: गटाच्या भावतक्त्याच्या नोंदी

२४ सप्टेंबर २०२५

आमचा अकरा जणींचा बचत गट, गाव आर्वी तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. दर दिवाळीला हाच वाद होते की फराळाचं सामान गावातल्या दुकानातून घ्या का सगळ्यांनी मिळून ऑटो करून आर्वीहून आणा. अर्ध्या जणी म्हणतात आर्वीत स्वस्त, अर्ध्या म्हणतात भाड्यात सगळं जाते, आणि हिशोब कोणाजवळच नाही. यंदा गटाची वही माझ्याकडे आहे म्हणून म्हटलं कागदावर मांडून पाहू. कोणाला आपल्या गावात असंच करायचं असेल तर कामी पडावं म्हणून तारीख टाकून लिहून ठेवून राहिले.

भाव गोळा करायला सुरुवात केली तर पहिलीच भानगड. २२ तारखेपासून जीएसटी बदलला, साबण, शाम्पू, टूथपेस्टवर १८ चा ५ टक्के झाला, तर दुकानात एकाच साबणाच्या दोन वड्या दोन एमआरपीच्या, जुना माल आणि नवा माल शेजारीशेजारी. तेल, साखर आधीपासून ५ टक्क्यातच होते त्यामुळे फराळाच्या सामानाला त्याचा काही फरक नाही. पण वहीत प्रत्येक भावापुढे तारीख लिहायची हे तिथंच ठरवलं, नाहीतर पंधरा दिवसांनी कोणता भाव कधीचा हे कोणालाच सांगता येत नाही. साबण-शाम्पू यादीतून काढूनच टाकले.

काढायच्या आधी शाम्पूचं तेवढं पाहून घेतलं, कारण सगळ्या जणी म्हणत होत्या की पुडी महाग पडते, मोठी बॉटल स्वस्त. आमच्या दुकानात २ रुपयाच्या पुडीत ६ मिली, म्हणजे मिलीला ३३ पैसे. १८० मिलीची बॉटल १३० रुपयाला, म्हणजे मिलीला ७२ पैसे. दुपटीच्या वर! मोठं पाकीट म्हणजे स्वस्त हे मनातून तिथंच काढून टाकलं.

२८ सप्टेंबर

आजकाल पाकिटावर एमआरपीच्या बाजूला एका ग्रॅमचा नाहीतर एका किलोचा भाव छापलेला असते. मला वाटलं आपलं अर्धं काम झालं, तेच उतरवून घेऊ. नाही झालं.

एक तर किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा भाव राहते आणि किलोच्या वरच्यावर किलोचा, मग एकीकडे ०.१२ आणि दुसरीकडे ११० असं दिसते आणि काकू म्हणतात हे बारा पैसे वालं घे ना. ते तरी सोपं, हजारानं गुणलं की झालं. खरा घोळ वेगळा आहे. बेसनाचं २०० ग्रॅमचं पाकीट २४ रुपयाला, त्यावर ०.१२. त्याच कंपनीचं ५०० ग्रॅमचं ५८ रुपयाला, त्यावरही ०.१२. छापील भाव सारखाच, आणि हिशोब केला तर पहिलं पडते १२० रुपये किलो आणि दुसरं ११६. दोन आकड्यांवर गोल करून छापतात ना, त्यात किलोमागं पाच रुपयांपर्यंत इकडचं तिकडं होऊन जाते. ग्रॅमला ०.१२ म्हणजे किलोला ११५ पासून १२५ पर्यंत काहीही. महाग वस्तूत पाच रुपये दिसत नाहीत, बेसन-रव्यात तोच तर सगळा फरक आहे.

म्हणून छापील ग्रॅमचा भाव सोडून दिला. एमआरपी घ्यायची, वजनानं भागायचं, किलोवर आणायचं, बस. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ५८ भागिले ०.५, एवढंच.

३ ऑक्टोबर

आज बाजाराचा दिवस, पण वेळ सगळा तेलातच गेला.

तेल कोणी लिटरनं विकते, कोणी किलोनं. सोयाबीनचं १ लिटरचं पाऊच १४५ रुपयाला, त्यावर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिहिलेलं असते. बाजूला दुसऱ्या कंपनीचं पाऊच १३८ ला, अगदी तेवढंच दिसते, हातातही तसंच लागते, उलटून पाहिलं तर ८५० ग्रॅम. सगळ्या जणी १३८ वालं उचलतात, सात रुपये वाचले म्हणून. किलोवर आणलं तर १४५ वालं १५९ रुपये ३४ पैसे आणि १३८ वालं १६२ रुपये ३५ पैसे.

पिप्याचं याहून भारी. आर्वीच्या ठोक दुकानात फोन करून विचारलं तर त्यांनी दोन भाव सांगितले, पिपा २,३१० चा आणि पिपा २,१४५ चा. "दोन्ही पंधराचेच हाय जी ताई." पंधरा काय ते विचारलं तेव्हा कळलं, एक १५ किलोचा आहे आणि एक १५ लिटरचा. १५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलो वाला १५४ रुपये किलोनं पडते, १५ लिटर वाला १५७ रुपये १४ पैशानं. म्हणजे १६५ रुपये कमी देऊन आपण महाग तेल आणणार होतो.

(सोयाबीनचा यंदाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ५३ रुपये २८ पैसे. आपण विकतो ५३ नं, तेही मिळाला तर, आणि त्याचंच तेल आणतो १५९ नं. दाण्यात तेल पाचव्या हिस्श्याच्याही आत निघते हे माहीत आहे मला, तरी वहीत दोन आकडे एकाखाली एक आले की जीवाला लागते.)

तेलाचा रकाना आता फक्त किलोत. लिटर कुठंच लिहायचं नाही.

५ ऑक्टोबर

तक्ता झाला. मीटिंगमध्ये वाचून दाखवला तर तिसऱ्या ओळीपर्यंत सगळ्या आपसात बोलायला लागल्या. त्यांचंही बरोबर आहे, सात वस्तू, दोन दुकानं, सगळे आकडे, दिवसभर सोंगणी करून आलेल्या बाईनं ते कसं ऐकावं. पोरगी सातवीत आहे, ती म्हणाली आई याचा आलेख काढ ना, आमच्या पुस्तकात समप्रमाण हाय.

मोबाईलवरच्या शीटमध्ये बेसनाचं टाकून पाहिलं. २०० ग्रॅम २४ रुपये, ५०० ग्रॅम ५८, एक किलो ११२. लाईन चार्ट निवडला तर रेघ मध्येच वर मोडलेली निघाली, जसं काही मोठं पाकीट जास्तच महाग आहे. बराच वेळ आकडेच तपासत बसलो मायलेकी. आकडे बरोबर होते. तो लाईन चार्ट खालच्या २००, ५००, १००० ला नुसती नावं समजते आणि सारख्या अंतरावर मांडून देते. स्कॅटर वाला चार्ट निवडला तेव्हा ठिपके आपापल्या जागी बसले. तुम्ही मोबाईलवर करत असाल तर स्कॅटरच घ्या.

आता ठिपके बरोबर बसले तर दिसलं की तिन्ही एका सरळ रेघेत शून्यातून जात नाहीत. शून्यापासून २०० ग्रॅमच्या ठिपक्यातून पट्टी लावली तर किलोला १२० यायला पाहिजे, ११२ चा ठिपका पट्टीच्या खाली राहते. म्हणजे पाकिटाचं बेसन जेवढं मोठं घ्याल तेवढा भाव खाली येते, "किलोचा भाव" असा एकच नाही. सुटी साखर मात्र पट्टीला चिकटून, अर्धा किलो २३, एक किलो ४६, पाच किलो २३०. मग ठरवलं की पाकिटाच्या वस्तूत आपण घेणार तेवढ्याच मापाचा भाव धरायचा, आमच्यासाठी बेसन एक किलोचंच पाकीट, ११२.

८ ऑक्टोबर

मोबाईलची स्क्रीन अकरा जणींना दिसत नाही म्हणून मोठा चार्ट पेपर आणला. दोन चार्ट पेपर, स्केच पेन आणि आलेखाची वही मिळून ९५ रुपये लागले.

कागद पुरावा म्हणून पोरीनं उभ्या बाजूला शून्यापासून न धरता ४० पासून सुरुवात केली आणि साखरेचे किलोचे भाव खांबासारखे काढले, गावातले ४६, आर्वीचे ४२. गावाचा खांब आर्वीच्या तिप्पट उंच! पाहायला आलेल्या मोठ्या काकू तर एकदम भडकल्या, "पाय कसा लुटून रायला तो!" आणि खरं तर फरक किलोमागं चार रुपयांचा. तो कागद फाडला. दुकानदाराच्या नजरेस पडला असता तर भांडणच होतं. उभी बाजू शून्यापासूनच, आडवी बाजूही शून्यापासूनच, जागा कमी पडली तर कागदाला कागद चिकटवा.

नवीन कागदावर आडवं किलो, उभं रुपये. साखरेच्या दोन रेघा, दोन्ही शून्यातून निघालेल्या, जी जास्त उभी चढते ती महाग. हे कोणाला समजावून सांगायची गरजच पडली नाही. धाकट्या वैनीनं दहा किलोवर बोट ठेवलं, वर नेलं, एका रेघेवर ४२०, दुसऱ्या रेघेवर ४६०, "चाळीस रुपये," म्हणाली. तक्त्यातही तेच होतं पण तक्त्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

१० ऑक्टोबर

आर्वीचे सगळे भाव आले, प्रत्यक्ष जाऊन. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून भाव विचारून यायला परवडते, पण पिपे आणि चुंगड्या घेऊन एसटीत चढणं होत नाही, त्याला ऑटोच पाहिजे.

एका घरचं फराळाचं सामान असं धरलं आहे, आधी गावचा भाव, मग आर्वीचा:

साखर ५ किलो: २३० / २१०
बेसन २ किलो: २२४ / १९२
तेल ३ किलो: ४७८ / ४६२
रवा २ किलो: ८८ / ७६
मैदा २ किलो: ८४ / ७२
पोहे १ किलो: ६० / ५२
फल्लीदाणे १ किलो: १४० / १२८
एकूण: १,३०४ / १,१९२

एका घरामागं ११२ रुपये वाचतात. मालाचा ऑटो जाऊन-येऊन ७०० रुपये.

हे चार्टवर काढलं, आडवी घरं, उभे रुपये, तर दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून बसल्या. तेरा-चौदा हजारांच्या उंचीत पाचशेचा फरक बोटाच्या नखाएवढा. मागच्या कागदाचा नियम इथं उपयोगाचा नव्हता, शून्यापासून धरलं तर दिसत नाही आणि वरून कापलं तर खोटं दिसते. रात्री विचार करता करता सुचलं की सामानाचे पैसे काढायचेच काहून, वाचलेले काढू. मग फक्त बचतीची रेघ काढली, शून्यातून, एक घर ११२, दोन घरं २२४, दहा घरं १,१२०. आणि भाड्याची एक आडवी रेघ ७०० वर, कारण घर एक असो का दहा, ऑटोवाला ७०० च घेते. जिथं बचतीची रेघ आडव्या रेघेला कापून वर जाते तिथून फायदा सुरू. सव्वा सहा घरांवर कापली, म्हणजे सात घरं तरी पाहिजे. सात घरांना सगळे मिळून ८४ वाचतात, घरामागं १२ रुपये. अकरा घरांना ५३२, घरामागं ४८.

नुसत्या साखरेसाठी आर्वीला जायचं म्हटलं तर किलोमागं चार रुपये, ७०० रुपये निघायला पावणेदोनशे किलो साखर लागते, तेवढी गावाच्या लग्नालाही लागत नाही.

११ ऑक्टोबर

मीटिंगमध्ये सगळ्या ४८ रुपयांवर खुश, ऑटोचा दिवसही ठरत होता. अध्यक्ष ताईंनी विचारलं, सोबत कोण जाईल? दोघी लागतात, एकटीच्यानं माल मोजून घेणं होत नाही. तेव्हा मागं बसलेल्या एका काकूंनी (त्या मीटिंगमध्ये कधी बोलत नाहीत) विचारलं, "अन आमची रोजी?"

सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, बाईला ३०० रुपये रोज भेटून राहिला. दोघींचा दिवस बुडाला तर ६००. तो दरवर्षी कोणाचा ना कोणाचा बुडतेच, आजपर्यंत कोणी मोजला नव्हता एवढंच. मी तिथंच ७०० ची रेघ खोडून १,३०० वर नवीन रेघ मारली. बचतीची रेघ ती जुनीच, पण आता ती बाराव्या घराच्या थोडं आधी कापते, आणि आम्ही अकरा. अकरा घरांचे वाचतात १,२३२, खर्च १,३००. म्हणजे ६८ रुपयाचा घाटा, आणि आजपर्यंत आम्ही ज्याला बचत म्हणत होतो ती त्या दोघींच्या रोजीतून होत होती.

यावर चांगलंच वाजलं. एक म्हणाली रोजी नका धरू, आपलंच काम आहे. मग काकू म्हणाल्या ठीक आहे, मग तूच जा. रोजी धरायची हे ठरलं.

१४ ऑक्टोबर

पलीकडच्या मोहल्ल्यातल्या गटाला विचारलं, त्याही अकरा. बावीस घरं झाली तर २,४६४ वाचतात, १,३०० गेले तरी घरामागं ५३ रुपये हाती राहतात. त्या म्हणाल्या सांगतो.

तेवढ्यात गावातल्या दुकानदार भाऊंपर्यंत चार्टची बातमी गेलीच, गावात काय लपते. त्यांनी स्वतःच बोलावलं. "अकरा घरं नगदी घेत असाल तर पुरा संच १,२४० ला लावून देतो, कुठं जाता आर्वीले." घरामागं ६४ रुपये कमी, आणि याला ना ऑटो ना रोजी, याची रेघ शून्यातूनच निघते. तिचा चढ आर्वीच्या रेघेपेक्षा कमी आहे, पण आर्वीवाली १,३०० च्या खड्ड्यातून वर येते. सत्तावीस घरांपर्यंत दुकानवाल्याचीच रेघ वर. बावीस काय, अठ्ठावीस घरं लागतील आर्वीला.

जवळजवळ हो म्हटलंच होतं. मग त्यांच्या कागदावर पाहिलं तर "तेल ३" लिहिलेलं. तीन काय? तीन पाऊच! म्हणजे २ किलो ७३० ग्रॅम, आमच्या संचात आहे ३ किलो. २७० ग्रॅमचे ४३ रुपये झाले. खरा भाव १,२८३, आणि घरामागं वाचते २१ रुपये. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, ते सवयीनं पाऊचच मोजतात. पण या एका आकड्यानं अठ्ठावीस घरांचं पंधरावर आलं, म्हणजे दुसरा गट आला असता तर आर्वीच परवडत होतं.

परत गेलो, चार्ट घेऊनच. पिपा फोडून किलोनं मोजून द्या म्हटलं. घासाघीस होऊन १,२६० वर आले, तेल पिप्यातून, ३ किलो वजनानं. घरामागं ४४ रुपये. आता रेघा एकोणीस घरांवर कापतात. बावीस घरं करून आर्वीला गेलो तरी आम्हाला घरामागं नऊ रुपये जास्त वाचतील, आणि नऊ रुपयांसाठी दोघींनी दिवसभर ऑटोत हाडं खिळखिळी करून घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती.

राहिला उधारीचा प्रश्न. तिघींजवळ नगदी नाही, सोयाबीन विकल्यावरच पैसे येतील, आणि भाऊंचा भाव फक्त नगदीवर. त्या तिघींचे पैसे गटातून दिले, महिन्याभरात परत करायच्या बोलीवर. चार्टमध्ये याची रेघ कशी काढायची मला सुचलं नाही.

१७ ऑक्टोबर

तेलाचं वाटप. यात वेळ किती जाते याचा कोणाला अंदाजच नसते म्हणून सविस्तर लिहिते.

पापडाच्या कामासाठी घेतलेला डिजिटल काटा गटाकडे आहे, ५ किलोपर्यंतचा. आधी तो तपासला, एक लिटर पाण्याचं वजन एक किलो भरायला पाहिजे, त्यात बॉटलचं वजन वजा करून. बरोबर निघाला. मग प्रत्येकीची रिकामी कॅन मोजून तिच्यावर मार्करनं लिहिलं, "रिकामी १८०", "रिकामी २१५", प्रत्येकीची वेगळी. १८० वाली भरून ३ किलो १८० झाली की थांबायचं. काट्यावर आधी पन्नी टाका, नाहीतर तेल काट्याच्या फटीत जाते. मार्करनं कॅनच्या वरच्या भागावर लिहा, खाली लिहिलं तर तेलकट हातानं पुसून जाते, आमच्या दोन पुसल्या आणि त्या परत रिकाम्या करून मोजाव्या लागल्या.

दोन पिप्यात दहा घरं. पहिल्या पिप्यात पाचव्या कॅनला ६० ग्रॅम कमी पडलं, तेल पिप्याच्या अंगालाच लागून राहते. पिपा उन्हात गंजावर (मोठ्या पातेल्यावर) उलटा टेकवून ठेवला, दुपारपर्यंत बहुतेक उतरलं. अकराव्या घरासाठी पिपा फोडणं परवडत नव्हतं, त्यांना तीन पाऊच दिले आणि ४३ रुपये कमी लावले. रिकामे पिपे भाऊ परत मागत होते, दिले नाहीत, तांदूळ ठेवायला होतात.

२७ ऑक्टोबर

तिघींपैकी एकीचे पैसे आले, दोघींचे सोयाबीन वाळायचं आहे.

चार्ट समाजमंदिराच्या भिंतीवर लावला होता, तो पाहून आता माणसांनी मागं लागणं सुरू केलं, हरभऱ्याच्या खताचं असंच काढून द्या. पोत्यावर किलोचा भाव काढून उपयोग नाही, पोत्यात पिकाच्या कामाचं, म्हणजे नत्र आणि स्फुरद, किती आहे ते पाहावं लागते. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम, नत्र पडलं १२ रुपये ८७ पैसे किलो. इथपर्यंत सोपं. डीएपीच्या १,३५० च्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, दोन वस्तू एकाच पोत्यात, एका रेघेत बसतच नाही. मग ९ किलो नत्राचे युरियाच्या भावानं ११६ रुपये काढून टाकले, राहिले १,२३४, त्याला २३ नं भागलं, स्फुरद ५३ रुपये ६५ पैसे किलो. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात १६ टक्के, म्हणजे ८ किलो स्फुरद, तर ते पोतं ४२९ च्या आत भेटलं तरच नुसत्या स्फुरदाच्या हिशोबानं डीएपीपेक्षा स्वस्त. त्यात गंधक येते त्याची किंमत कशी धरायची यावर घरी दोन दिवसांपासून वाद सुरू आहे. पोत्याचा आजचा भाव घ्यायला घरचे उद्या आर्वीला जाणार आहेत, पक्क्या बिलावरचाच भाव आणा म्हणून सांगितलं आहे.